ठेंगणी मोटार आणि टायरांची झीज

मोटार जमिनीशीं जितकी लगटून धांवेल तितकी ती डौलदार, अशी पुष्कळ तरुणांची आवड असते. म्हणून मूळच्या स्प्रिंगा काढून आंखूड स्प्रिंगा बसवितात. गाडी चार-पांच सेंटिमीटर खालीं येते, वळणावर कमी कलते आणि धनी संतुष्ट होतो. परंतु सांगाड्याबरोबर चाकांचे कोनहि बदलतात, ही गोष्ट बहुधा ध्यानांत येत नाहीं.

चाक हलत्या सांध्यांच्या दांड्यांनीं धरलेलें असतें, आणि या दांड्यांची लांबी व कल एका ठराविक उंचीसाठीं बेतलेले असतात. सांगाडा खालीं बसला कीं दांड्यांचा कल बदलतो. पुष्कळ गाड्यांत त्यामुळें चाकाचा माथा आंत झुकतो. या झुकावास कॅम्बर म्हणतात. त्याच वेळीं स्टिअरिंगचा दांडा चाकाला ढकलतो किंवा ओढतो, आणि दोन्ही चाकांचीं तोंडें आंत अगर बाहेर वळतात, हा टो.

झुकलेल्या चाकाचा भार आंतल्या कडेवर पडतो, हें खरें. तरी टायर खातो तो मुख्यतः टो. चाक अवघें पाव अंश वांकडें राहिलें, तर दर किलोमीटरमागें तें चार मीटरांहून अधिक आडवें घासलें जातें. १०,००० किलोमीटरांत हें घासणें ४० किलोमीटरांवर जातें! सहाणेवर चंदन उगाळावें तसें रबर झिजतें. चाकांचीं तोंडें बाहेर वळलीं असतील, तर ही झीजहि आंतल्याच कडेला होते. बाहेरून पाहणाऱ्यास टायर धडधाकट दिसतो. आंत मात्र तारा उघड्या पडलेल्या असतात. असा टायर भरधाव गाडीखालीं फुटला, तर डौलाचें मोल प्राणांनीं मोजावें लागतें.

उपाय कठीण नाहीं. नव्या स्प्रिंगा थोड्या धांवेनें बसल्या कीं अलाइनमेंट करून घ्यावी. त्यांत टो अवश्य जुळवावा. पुष्कळ लहान मोटारींत कॅम्बर बदलण्याची सोय मुळांत नसते. तेथें त्यासाठीं निराळे बोल्ट बसवावे लागतात. तळहात टायरवर आडवा फिरवावा. एका दिशेनें गुळगुळीत व उलट दिशेनें खरबरीत लागला, तर टो बिघडला असें समजावें. भारतांतील नियमाप्रमाणें मोटारीच्या टायरवरील खांचांची खोली १.६ मिलिमीटरांहून कमी असूं नये. ही खोली आंतल्या कडेलाहि मोजली पाहिजे.

टायरांची अदलाबदल केल्यानें झीज केवळ वांटली जाते, थांबत नाहीं. चाकांचे कोन पुन्हां जुळविल्याखेरीज गाडी उतरविण्याचें काम पुरें झालें, असें कोणींहि मानूं नये.