गोरी रेकॉर्ड, काळा गळा

(तरुण कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण. टेपवरून उतरवलं आहे. फारसा हात लावलेला नाही.)



अभ्यासवर्गात गाण्यांवर बोलणार, तेही अमेरिकेतल्या, तेही साठच्या दशकातल्या, हे कळल्यावर इथल्या एकदोघांनी तोंडं वाकडी केली. एकानं तर तोंडावर विचारलं, गिटार बडवणाऱ्या गोऱ्या पोरांचं आणि आपलं नातं काय? प्रश्न रास्त आहे. असले प्रश्न विचारलेच पाहिजेत.

तर ऐका. ऑक्टोबर १९६६ मध्ये ओकलंडला ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील या दोघांनी ब्लॅक पँथर पार्टी काढली. १९७२ साली मुंबईत आपली पोरं एकत्र आली तेव्हा त्यांनी नाव घेतलं ते याच पार्टीवरून. हे सगळ्यांना पाठ आहे. पण बॉबी सीलनं १९७० साली 'सीझ द टाइम' नावाचं पुस्तक छापलं, त्यात एक बारीकशी हकिकत आहे, ती फारशी कुणी सांगत नाही. १९६७ साली पार्टीचा पेपर सुरू झाला. पेपरची जुळणी चाललीय, कात्री-डिंक पसरलाय, आणि मागे रेकॉर्ड प्लेयरवर एकच रेकॉर्ड फिरतेय. संपली की पुन्हा लाव. ती रेकॉर्ड बॉब डिलनची. 'हायवे सिक्स्टीवन रीव्हिजिटेड', साल १९६५.

त्यातलं 'बॅलड ऑफ अ थिन मॅन' हे गाणं ह्यूई बॉबीला फोड करून सांगतोय. गाण्यात एक सभ्य, शिकलेला, चांगल्या कपड्यातला माणूस आहे. तो एका अजब जागी शिरतो आणि त्याला काहीच उमगत नाही. तिथं जत्रेतल्या तंबूत जिवंत कोंबडी दातानं फाडणारा माणूस आहे. ह्यूई म्हणतो, तो हे हौसेनं करत नाही, पोटासाठी करतो. आणि तिकीट काढून त्याला बघायला येतो तो कोण? काळ्यांच्या वस्तीत गंमत म्हणून फेरफटका मारायला येणारा गोरा. ह्यूईनं डिलनच्या गाण्यावर पँथरचा शिक्का मारून टाकला. डिलनच्या मनात नेमकं काय होतं हे विचारायला तो गेला नाही, आणि त्याचं काही अडलंही नाही.

धारावीत आज पैसे भरून टूर निघते. बघा त्या माणसाचे चेहरे, आणि मग हे गाणं ऐका.

आता थोडं माझ्याविषयी. माझं इंग्रजी म्युनिसिपाल्टीच्या शाळेतलं. रेकॉर्डी घेतल्या त्या फोर्टच्या फुटपाथवरून, कुणाच्या तरी बंगल्यातून भंगारात निघालेल्या, ओरखडे पडलेल्या. कव्हर फाटकं असेल तर स्वस्त, म्हणून फाटकीच मागायचो. शेजाऱ्याच्या प्लेयरवर लावायची, शब्द कळले तेवढे वहीत उतरायचे, बाकीच्यासाठी डिक्शनरी. त्यामुळे ही गाणी मला आधी आवाज म्हणून भेटली, अर्थ मागाहून आला. बसमध्ये मागच्या सीटवर चाललेलं भांडण ऐकू यावं तसं. शब्द सुटतात, पण कोण कुणाला दाबतंय ते कळतं.

डिलनच्या 'द फ्रीव्हीलिंग बॉब डिलन' (१९६३) या रेकॉर्डच्या कव्हरवर तो आणि त्याची मैत्रीण न्यूयॉर्कच्या थंडीत एकमेकांना बिलगून रस्त्यानं चाललेत. वय बावीसच्या आत. पहिलंच गाणं 'ब्लोइंग इन द विंड'. शाळाकॉलेजांतून हे गाणं इतकं घोटून झालंय की त्याचा काटाच बोथट झाला. पण त्याची चाल कुठून आली? 'नो मोअर ऑक्शन ब्लॉक' या गुलामांच्या गाण्यातून. आम्हाला पुन्हा लिलावाच्या ओट्यावर उभं करू नका, असं म्हणणाऱ्या माणसांची चाल. डिलननं स्वतः १९७८ साली ते कबूल केलं. गळा काळा, रेकॉर्ड गोरी. मी त्याला चोर म्हणणार नाही. लोकगीत असंच चालत येतं, आपले जलसेवालेही चालत आलेल्या चालीवर नवे शब्द बसवत होते. पण कर्ज ते कर्ज.

आणि हे कर्ज एका काळ्या माणसाच्या जिव्हारी लागलं. सॅम कुक. गोड गळ्याचा, प्रेमाची गाणी म्हणणारा, गोऱ्यांच्या घरातही वाजणारा. त्यानं 'ब्लोइंग इन द विंड' ऐकलं आणि त्याला बोचलं, की हे आपल्या माणसानं लिहायला हवं होतं. त्यात ऑक्टोबर १९६३ मध्ये लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टला एका हॉटेलानं त्याला खोली नाकारली, वर पोलिसांनी धरलं. त्यातून 'अ चेंज इज गॉना कम' आलं. मार्च १९६४ च्या त्याच्या रेकॉर्डवर ते आहे. डिसेंबरात तो गोळी लागून मेला आणि काही दिवसांनी गाणं सिंगल म्हणून निघालं, पण एक कडवं कापून. कुठलं कडवं? ज्यात त्याला सिनेमाला, बाजारात फिरकू नकोस असं सांगितलं जातं, नेमकं तेच. कंपनीच्या कात्रीला बरोब्बर ठाऊक असतं कुठं कापायचं.

आता मी आज ज्याच्यासाठी उभा आहे त्या गाण्याकडे येतो. 'द टाइम्स दे आर अ-चेंजिंग', १९६४ ची रेकॉर्ड. त्यात 'द लोन्सम डेथ ऑफ हॅटी कॅरोल'.

हकिकत खरी आहे. फेब्रुवारी १९६३, बाल्टिमोरचं एमर्सन हॉटेल, बड्यांची नाचाची पार्टी. हॅटी कॅरोल, वय ५१, लेकुरवाळी काळी बाई, तिथं बारवर कामाला. विल्यम झँट्झिंगर, वय २४, तंबाखूच्या शेतीचा मालक, दारू ढोसून आलेला, हातात छडी. दारू द्यायला उशीर झाला म्हणून त्यानं तिला शिव्या हासडल्या आणि छडी मारली. ती कोसळली आणि दुसऱ्या सकाळी मेली. कोर्टानं सदोष मनुष्यवध धरला. शिक्षा सहा महिने. आणि बसल्याबसल्या आत जायचं नाही, तंबाखूची कापणी उरकून सप्टेंबरात जायचं! निकालाची तारीख बघा: २८ ऑगस्ट १९६३. त्याच दिवशी वॉशिंग्टनमध्ये मार्टिन लूथर किंग अडीच लाख माणसांपुढे बोलत होते. त्याच मंचावर डिलनही गायला होता.

हे गाणं मी शंभर वेळा तरी ऐकलं असेल. डिलन आवाज चढवत नाही. पंचनामा वाचावा तसा म्हणत जातो. मारणाऱ्याचं नाव, वय, जमीन किती, आईबाप कोण. मग मरणारीचं नाव, वय, ती काय उचलायची, काय पुसायची. आणि प्रत्येक कडव्यानंतर ऐकणाऱ्याला दटावतो, अजून रडू नका. शेवटी शिक्षा सांगतो आणि मग म्हणतो, आता रडा. म्हणजे मरणाला रडायचं नाही, निकालाला रडायचं. बास! इथं मी त्याला मानतो.

पण एक गोष्ट. अख्ख्या गाण्यात हॅटी कॅरोल काळी होती, हे कुठंही सांगितलेलं नाही. झँट्झिंगर गोरा, हेही नाही. रंगाचा शब्दच नाही. का?

यावर आमच्यात रात्र-रात्र भांडणं झाली आहेत. एक मित्र म्हणायचा, हा पळपुटेपणा. गोऱ्या कवीची बुळी करुणा. आपल्याकडे नाही का, कथेत उपाशी बाई असते, मार खाणारा गडी असतो, आणि जात तेवढी नसते. लेखक म्हणतो, मी माणसाबद्दल लिहितो. पांढरपेशी सोय ती.

मला तसं वाटत नाही. १९६४ साली अमेरिकेत तबकं उचलणारी बाई आणि छडी फिरवणारा जमीनदार एवढं म्हटलं की रंग सांगावाच लागत नव्हता. ऐकणारा तो स्वतःच भरतो, आणि भरताना पकडला जातो. तुला कसं कळलं रे ती काळी होती? तुझ्या देशानं तुला शिकवलं म्हणून.

याच्या शेजारी दुसरं न-बोलणं ठेवा. खैरलांजी. २००६ साली भोतमांगे कुटुंबातली चार माणसं मारली. २००८ साली कोर्टानं खुनाची शिक्षा दिली आणि म्हटलं, ॲट्रॉसिटीचा कायदा इथं लागू होत नाही. म्हणजे खून झाला, जात नव्हती. गाण्यानं रंगाचा शब्द गाळला तो ऐकणाऱ्यानं उच्चारावा म्हणून. कोर्टानं जात गाळली ती कुणीच उच्चारू नये म्हणून. ही दोन गाळणं ज्याला एकच वाटतात त्यानं पुन्हा रेकॉर्ड लावावी.

झँट्झिंगरचं पुढं काय झालं? सुटला, धंदा केला. आणि ज्या झोपड्या कर थकवल्यामुळे सरकारजमा झाल्या होत्या, त्यांचंही भाडं गरीब काळ्या भाडेकरूंकडून उकळत राहिला. झोपड्यांत नळ नाही, संडास नाही. १९९१ साली त्यानं कोर्टात गुन्हा कबूल केला. २००९ साली मेला. आपल्या झोपडपट्टीतल्या पोरांना या माणसाची ओळख करून द्यायची गरजच नाही.

याच रेकॉर्डवर 'ओन्ली अ पॉन इन देअर गेम' आहे. मेडगर एव्हर्स या काळ्या पुढाऱ्याला जून १९६३ मध्ये मिसिसिपीत त्याच्या दारात पाठीत गोळी घातली, त्याच्यावरचं. वॉशिंग्टनला डिलननं हेच म्हटलं. गाणं म्हणतं, मारणारा गरीब गोरा हा राजकारण्यांच्या हातातलं प्यादं. मारेकऱ्याचं नावही घेत नाही. विश्लेषण म्हणून बरोबर असेल, पण मला ते अर्धवट वाटतं. दंगलीत तलवार घेऊन येणारा प्रत्येकजण प्यादं, मग जबाबदार कोण? पटावरची हवा? बायरन डी ला बेकविथ हा तो मारेकरी खतं विकायचा. १९६४ साली दोनदा ज्यूरीचं एकमत झालं नाही म्हणून मोकळा फिरला, शिक्षा झाली ती १९९४ साली. तीस वर्षं प्यादं मजेत होतं.

त्याच खुनावर नीना सिमोननं काय केलं ते बघा. नीना काळी, पियानोवर बाख वाजवणारी. फिलाडेल्फियाच्या संगीत संस्थेनं तिला प्रवेश नाकारला होता. कारण रंग, असं ती शेवटपर्यंत म्हणायची. एव्हर्सचा खून झाला, सप्टेंबरात बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये बॉम्ब फुटून चार काळ्या मुली मेल्या. नीनानं आत्मचरित्रात लिहिलंय, की ती आधी घरातल्या सामानातून बंदूक बनवायला बसली. नवरा म्हणाला, तुला मारणं काय कळतं, तुझ्याकडे संगीत आहे. तासाभरात 'मिसिसिपी गॉडॅम' तयार. १९६४ ची 'नीना सिमोन इन कॉन्सर्ट' ही रेकॉर्ड, न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये घेतलेली. चाल नाटकातल्या नाचाच्या गाण्यासारखी, उड्या मारणारी. लोक आधी हसतात. रेकॉर्डवर हशा ऐकू येतो. मग हशा आटत जातो. साऊथ कॅरोलायनातल्या एका विक्रेत्यानं प्रती मोडून, अर्ध्या करून परत पाठवल्या.

याच रेकॉर्डवर 'पायरेट जेनी' आहे. मूळ ब्रेख्टच्या 'थ्री पेनी ऑपेरा'तलं, ज्याचा पुलंनी 'तीन पैशाचा तमाशा' केला, १९७८ साली. लॉजमध्ये फरशी पुसणारी मोलकरीण. मनातल्या मनात ती बघते की बंदरात काळं जहाज येतंय, गाव बेचिराख होतंय, आणि तिला विचारलं जातंय, यांना मारू का? नीनानं ते लॉज साऊथ कॅरोलायनात आणून ठेवलं. डिलननंही २००४ च्या आत्मचरित्रात लिहिलंय की हे गाणं ऐकून तो हादरला, त्यातून शिकला. म्हणजे एकाच गाण्यातून दोन मोलकरणी निघाल्या. डिलनची मरते आणि आपण रडतो. नीनाची फरशी पुसता पुसता हिशोब मांडते. मला दोन्ही हव्यात. पण एकच वाचवायची म्हटली तर मी नीनाची रेकॉर्ड काखेत मारून पळेन.

बाकीचं भराभर सांगतो. फिल ऑक्सची 'इन कॉन्सर्ट' (१९६६) मिळाली तर सोडू नका; मागच्या कव्हरवर माओच्या कविता छापल्या आहेत, आणि 'लव्ह मी, आय अ‍ॅम अ लिबरल' ऐकून आपल्या सगळ्या पुरोगामी साहेबांचे चेहरे डोळ्यापुढे येतील. बीटल्सच्या 'सार्जंट पेपर' (१९६७) च्या कव्हरवर आधी गांधी होते, भारतात गोंधळ नको म्हणून कंपनीनं काढले. चार योगी मात्र राहिले. जॉर्ज हॅरिसननं जानेवारी १९६८ मध्ये मुंबईत एचएमव्हीच्या स्टुडिओत रेकॉर्डिंग केलं, महिन्याभरात हृषीकेशला गेला. माणूस बरा, सूर चांगला. पण भारत म्हणून त्याला भेटले ते आश्रम. परळ-वरळीचे शाहीर त्याच शहरात होते.

आणि उधारीचा हिशोब. रोलिंग स्टोन्सच्या 'बेगर्स बँक्वेट' (१९६८) वर 'प्रॉडिगल सन' आहे. गाणं रॉबर्ट विल्किन्स या काळ्या पाद्र्याचं, पण पहिल्या प्रतींवर छापलं जॅगर-रिचर्ड्स. लेड झेपेलिनच्या 'होल लोटा लव्ह' (१९६९) साठी विली डिक्सनला १९८५ साली कोर्टात जावं लागलं, १९८७ मध्ये तडजोड झाली. रेकॉर्डी मला दोन्ही आवडतात. आवडतात म्हणूनच सांगतो, लेबलावरचं कंसातलं नाव वाचायची सवय लावा. भीमजयंतीला वामनदादा कर्डकांची गाणी म्हणणाऱ्या किती जणांना ती त्यांची आहेत हे ठाऊक असतं?

कर्ज फेडलेलंही आहे, थोडं. जॅनिस जॉप्लिनच्या बँडची 'चीप थ्रिल्स' (१९६८) ही रेकॉर्ड, त्यात 'बॉल अँड चेन'. ते बिग ममा थॉर्नटनचं, आणि जॅनिस तसं सांगायची. बेसी स्मिथ, ब्लूजची सम्राज्ञी, १९३७ साली हायवे सिक्स्टीवनवरच्या अपघातात गेली. फिलाडेल्फियाजवळ तिच्या कबरीवर तेहतीस वर्षं दगड नव्हता. १९७० च्या ऑगस्टमध्ये तो बसला. निम्मे पैसे जॅनिसचे. निम्मे ज्वानिटा ग्रीन या बाईंचे, ज्या लहानपणी बेसीच्या घरी फरशी पुसायच्या.

वीज जायच्या आत रेकॉर्ड लावू या. आधी 'हॅटी कॅरोल', मग नीना. मधे बोलायचं नाही, भांडण नंतर.