लेखनिकाला अट घालावी लागते

(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



महाभारताच्या लेखनाची कथा आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. गणपतीनं व्यासांना अट घातली, की सांगताना थांबायचं नाही, लेखणी अडता कामा नये. व्यासांनी उलट अट घातली, की अर्थ समजल्याशिवाय काही लिहायचं नाही. आज मोबाइलमध्ये जो लेखनिक घरोघरी येऊन बसला आहे, मग त्याला चॅटजीपीटी म्हणा की जेमिनी, त्याला पहिली अट सहज जमते. दुसरी अट मात्र आपणच घालावी लागते. आज बोलायचं आहे ते या दुसऱ्या अटीबद्दल.

हे यंत्र चालतं कसं, ते थोडक्यात पाहू. त्याला अफाट मजकूर दिलेला असतो. त्यावरून, आपल्या प्रश्नापुढे कोणते शब्द येणं संभवतं, याचा अंदाज बांधत ते उत्तर रचत जातं. आपण जे सांगितलं नाही, ते अंदाजानं भरतं. आणि भरताना त्याचा आवाज जराही कापत नाही.

आता आपल्या बडोदेकर मराठी माणसांची खास अडचण पाहा. इंटरनेटवरचा मराठी मजकूर बहुतेक महाराष्ट्रातला. आपण शुद्ध मराठीत विचारलं, ‘उत्पन्नाचा दाखला कसा काढायचा?’ की यंत्र बहुधा आपल्याला पुण्याचे नाहीतर नाशिकचे समजतं. ते ‘आपले सरकार’ पोर्टल सांगतं, तहसीलदारांचं कार्यालय सांगतं. उत्तर चूक नसतं, पण ते आपलं नसतं. आपल्याकडे पोर्टल ‘डिजिटल गुजरात’, आणि कचेरी मामलतदारांची. ७/१२ चा उतारा दोन्ही राज्यांत आहे, नावही एकच; पण तिकडचा महाभूलेखवर मिळतो आणि इकडचा एनीआरओआरवर. एकट्या राहणाऱ्या एखाद्या आजोबांनी दुसऱ्याच राज्याचे कागद जमवून रिक्षानं कचेरी गाठली आणि रिकाम्या हातानं परतले, तर त्यांचा तो दिवस कोण भरून देणार? म्हणून पहिलं वाक्य नेहमी हे असावं: ‘आम्ही गुजरात राज्यात, वडोदरा शहरात राहतो.’ पिढ्यान् पिढ्या इथं राहूनही यंत्राला आपला पत्ता सांगावा लागतो, त्याला इलाज नाही.

पत्त्यानंतर कामाचं स्वरूप. आम्ही सरकारी नोकरीतली माणसं. विषय आणि संदर्भ लिहिल्याशिवाय आमचं पत्र पुढे सरकत नाही. ही सवय इथं कामाला येते. आणि १८९० साली स्थापन झालेल्या कलाभवनाच्या या गावात हे कोणाला सांगायला नको, की ड्रॉइंगवर माप नसेल तर कारागीर अंदाजानं कापतो आणि लाकूड वाया जातं. ‘अर्ज लिहून दे’ हे माप नसलेलं ड्रॉइंग झालं. त्याऐवजी असं लिहावं:

‘आम्ही वडोदरा, गुजरात इथे राहतो. मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला हवा आहे. मामलतदार कचेरीत देण्यासाठी अर्ज गुजरातीत, एका पानात लिही. नाव आणि पत्त्याच्या जागा रिकाम्या ठेव. सोबत लागणाऱ्या कागदांची यादी वेगळी दे. लिहिण्याआधी तुला काय समजलं ते सांग, आणि माहिती अपुरी असेल तर विचार.’

शेवटचं वाक्य म्हणजेच व्यासांची अट. ते एक वाक्य घातलं, की यंत्र बरेचदा दोन-चार प्रश्न उलट विचारतं, आणि निम्मा घोळ तिथेच मिटतो.

तिसरी गोष्ट भाषेची. आपल्या घरात मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी एका ताटात वाढलेल्या असतात. आपल्याला त्यांची सवय, यंत्राला नाही. गुजरातीत ‘नवरो’ म्हणजे रिकामटेकडा. यावरून आपल्याकडे किती लग्नांत हशा पिकला असेल! गुजराती ‘काले’ म्हणजे काल की उद्या, ते संदर्भावरून ठरतं. तेव्हा तारीख लिहावी, मोघम दिवस नको.

नवी पिढी इंग्रजीत विचारते, त्यात वेगळाच धोका. नातवानं इंग्रजीत सांगितलं, की ‘आंटी’ला मराठीत सांत्वनाचं पत्र लिही. आता ही आंटी आत्या, मावशी, काकू की मामी? इंग्रजी ‘यू’चं तू करायचं, तुम्ही करायचं की आपण? अशा प्रसंगी आत्याला ‘प्रिय काकू, तू’ असं पत्र गेलं, तर दुःखात भरच पडायची. नातं, वय आणि मान हे तीनही सांगितले पाहिजेत. आणि ते सांगण्यासाठी नातवाला आधी ती नाती ठाऊक हवीत. ते काम यंत्राचं नाही, आपलं आहे.

एवढं करूनही उत्तर तपासावंच लागतं. ठरावाचा क्रमांक, फी, मुदत, औषधाची मात्रा यांपैकी काहीही यंत्राच्या भरवशावर धरू नये. सरकारी कामाचं जनसेवा केंद्रात विचारावं, औषधाचं डॉक्टरांना. उत्तर पटलं नाही तर ‘चूक आहे’ एवढंच न म्हणता काय चुकलं ते सांगावं. आणि आधार क्रमांक, बँकेचं खातं, ओटीपी या गोष्टी यंत्राला कधीही देऊ नयेत. अर्जात त्या जागा हातानं भराव्यात.

शब्द मोजूनमापून वापरणं या गावाला नवीन नाही. सयाजीराव महाराजांच्या काळात, १९३१ साली, ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा कोश बडोद्यात प्रसिद्ध झाला. कारभारातल्या इंग्रजी संज्ञांना गुजराती, मराठी, संस्कृत, हिंदी, उर्दू, फारसी, बंगाली अशा भाषांतले प्रतिशब्द त्यात दिले आहेत. प्रजेच्या भाषेत कारभार करायचा, तर शब्दाचा अर्थ आधी ठरलेला हवा, हे त्यामागचं शहाणपण. यंत्राशी बोलतानाही तेच उपयोगी पडतं.

आज आरतीनंतर घरातल्या मुलांनी आजी-आजोबांजवळ बसावं. त्यांचं एखादं अडलेलं पत्र घ्यावं. नाती आणि हकिकत त्यांनी सांगावी, टाइप मुलांनी करावं आणि आलेलं उत्तर दोघांनी मिळून वाचावं.

गणपती बाप्पा मोरया!