गुलाम पळाले ते कोठे गेले?

(गोंदिया जिल्ह्यातील शेतकरी व कारागीर मंडळींपुढे केलेले भाषण)



आपला जिल्हा दोन राज्यांच्या शेजारचा. सालेकसा-देवरीकडची माणसे छत्तीसगडात जातात, गोंदिया-आमगावची बालाघाटाकडे. धान निघाले की कित्येक घरे ठेकेदाराकडून उचल घेऊन परमुलखात वीटभट्टीवर जातात. सरहद्द ओलांडणे आपणांस नवे नाही. म्हणून सरहद्द ओलांडून गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांची हकीकत आज आपणांपुढे ठेवतो.

फार दूर जावयास नको. १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला. त्यांची जहाजे आफ्रिकेतील मोझांबिकाहून माणसे भरून आणीत. हॉलंड देशाचा लिन्सखोटेन नावाचा इसम १५८३ पासून सुमारे पाच वर्षे गोव्यात राहिला. भर बाजारात माणसांचा लिलाव जनावरांसारखा होतो, हे त्याने आपल्या ग्रंथात लिहून ठेवले आहे. गुलामाला बाप्तिस्मा मिळे, सुटका मिळत नसे. धर्म बदलला तरी धनी तोच! पण दोष एकट्या फिरंग्याला देऊन भागणार नाही. पेशवाईतही कुणबिणी आणि बटकी विकल्या जात होत्या, आणि तो व्यवहार करणारे लोक आपल्याच देशाचे होते.

गोव्याच्या उगवतीला सह्याद्रीचा घाट आणि दाट रान. मार असह्य झाला म्हणजे गुलाम त्या रानात शिरत आणि घाट चढून सुपे, हल्याळ, यल्लापूर या बाजूस उतरत. तेथेच झोपड्या बांधून ते राहिले. उत्तर कानड्यात आज जे सिद्दी लोक आहेत, त्यांच्यातील पुष्कळांचे पूर्वज असे पळून आलेले होते. काही दुसऱ्या वाटांनीही आले. त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत. बोली त्यांची कोकणीच्या घरातली.

आता कायद्याची गोष्ट ऐका. उत्तर कानडा १७९९ साली इंग्रजांच्या अंमलाखाली आला. १८४३ च्या पाचव्या कायद्याने इंग्रजी मुलखातील कोर्टांनी गुलामावरील कोणाचाही मालकी हक्क मानणे बंद केले. गोव्यात मात्र पोर्तुगीज सरकारने गुलामगिरी रद्द केल्याचा हुकूम काढला तो १८६९ साली. म्हणजे सव्वीस वर्षे एक घाट मधे होता. घाटाखाली जो धन्याची मालमत्ता, तोच घाटावर चढला की त्याच्यावर कोर्टात दावा चालत नसे.

पण नुसत्या सरहद्दीने कोणी सुटत नाही. अमेरिकेत दक्षिणेकडचे गुलाम ओहायो नदी ओलांडून उत्तरेच्या मोकळ्या राज्यांत जात. १८५० साली तेथील सरकारने कायदा केला, की पळालेला गुलाम उत्तरेत सापडला तरी त्यास धरून धन्याच्या हवाली करावे. मग ते बिचारे आणखी पुढे कॅनडात जाऊ लागले, कारण इंग्रजांच्या त्या मुलखात १८३४ पासून गुलामगिरी बंद झाली होती. हॅरिएट टबमन नावाची बाई १८४९ साली स्वतः पळून सुटली. सुटल्यावर ती स्वस्थ बसली नाही. सुमारे तेरा वेळा मागे गेली आणि सत्तरेक माणसे सोडवून आणली. रात्रीची वाट दाखविणारे, कोठारात लपविणारे, भाकर देणारे लोक वाटेवर होते, म्हणून हे साधले. त्यांत काळे होते, गोरेही होते. १८६५ साली अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपली. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी आपला ‘गुलामगिरी’ ग्रंथ अमेरिकेतील अशाच सदाचारी लोकांस अर्पण केला.

सिद्दी सुटले खरे, पण त्यांच्या नावावर जमीन कोठे होती? रानात राहून दुसऱ्याच्या बागेत राबणे त्यांच्या नशिबी आले. सरकारने त्यांस अनुसूचित जमातीत घेतले ते २००३ साली. पोटाला आधार नसेल तर सुटलेला मनुष्य पुन्हा कोणाच्या तरी दारी बांधला जातो.

मंडळी, हे दाराशी बांधले जाणे आपणांस ठाऊक नाही काय? बापाने लग्नासाठी उचल घ्यावी आणि मुलाने ती फेडीत साल घालवावे, हे आपल्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या चालले. म्हणून एक कायदा पक्का ध्यानात ठेवा. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने असे कर्जच बुडीत ठरविले आहे. कर्ज वेठीचे नाही हे सिद्ध करण्याचा भार सावकारावर आहे, मजुरावर नाही. वेठीस धरणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आहे. किमान मजुरीपेक्षा कमी पैशांत राबवून घेणे हीही वेठच, असे सुप्रीम कोर्टाने १९८२ साली सांगितले. भट्टीवर कोणी अडकवून ठेवले, तर तेथील जिल्हाधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. आता रानातून पळण्याची गरज नाही. पण कायदा माहीत नसलेल्याला तो असून नसल्यासारखा आहे.

तेव्हा तीन गोष्टी करा. परगावी जाण्यापूर्वी ठेकेदाराचे नाव, भट्टीचे ठिकाण आणि उचलीची रक्कम कागदावर लिहून घरी ठेवा. कोणी भट्टीवरून पळून आपल्या गावी आला, तर त्यास पेज-भात द्या, ठेकेदाराच्या हवाली करू नका. आणि ज्यांच्या घरी सालदार आहे त्यांनी आपल्या वहीत पाहावे, की त्याच्या नावावरील आकडा वर्षानुवर्षे वाढतच तर नाही ना? वाढत असेल तर गोव्याच्या त्या धन्याला नावे ठेवण्याचा अधिकार आपणांस उरत नाही.