बार्शी लाईट आणि आपली दिंडी
(शताब्दी सोहळ्यात काल्याच्या आदल्या रात्री केलेल्या निवेदनाचे शब्दांकन)



 तीन दिवस या मांडवात पायी चालणाऱ्यांचं कौतुक झालं, आणि ते व्हायलाच पाहिजे. आम्हाला मात्र मंडळींनी सांगितलं आहे की आपल्या शिवारातल्या त्या मोडक्या स्टेशनाबद्दल दोन शब्द बोला. तरुण पोरं विचारतात, बाभळीत ती पडकी खोली कसली? तिथं खरंच आगगाडी थांबायची का? थांबायची, बाबांनो. आणि दिंडीचा तिच्याशी संबंध होता, म्हणून बोलतो.

आज ज्याला कुर्डुवाडी म्हणतो त्या जंक्शनाला पूर्वी बार्शी रोड म्हणत. मुंबईहून सोलापूरकडे जाणारी मोठी लाईन 1860 च्या सुमारास इकडं आली, पण बार्शीची पेठ राहिली बाजूला. कापूस, गळिताची धान्यं, सगळा माल बैलगाडीनं एकवीस मैल न्यायचा. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं हे पाहिलं आणि म्हणाला, इथं मोठी लाईन परवडणार नाही, हलकी टाका. 1895 मध्ये लंडनला कंपनी काढली, 1897 मध्ये बार्शी रोड ते बार्शी गाडी सुरू झाली. दोन रुळांत अंतर अडीच फूट. मोठ्या लाईनीचं साडेपाच फूट असतं, म्हणजे निम्म्याहून कमी. रूळ इतके हलके की एका यार्डाला तीस पौंड वजन. मग गाडी जड कशी चालेल? त्यानं हिशेब असा बसवला की कुठल्याही एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार यायचा नाही, मग ते इंजिन असो की डबा. भार सगळ्या चाकांनी सारखा वाटून घ्यायचा. (हाच गृहस्थ पुढं विमानातून उडी मारायच्या छत्र्या बनवू लागला. डोकं सारखं चालू असणारी माणसं अशीच असतात.)

तर हा फाटा 1906 मध्ये पंढरपूरपर्यंत आला, 1911 मध्ये लातूरपर्यंत आणि 1927 मध्ये मिरजेपर्यंत. सव्वातीनशे किलोमीटरची लाईन झाली. लातूर-धाराशिवकडचा माणूस आणि सांगली-मिरजेकडचा माणूस एकाच छोट्या गाडीनं विठोबाच्या गावात येऊ लागला. कंपनीनं लाईन टाकली कापसासाठी, हे खरं. पण एकादशी आली की गाडीला कापूस आठवत नसे.

आता दिंडीचं सांगतो. ट्रक आणि टेंपो आपल्याकडं अलीकडं आले. त्याआधी शिधा कसा जायचा? थोडा बैलगाडीत, आणि जास्तीचं ज्वारीचं पीठ, डाळ, गूळ गाडीनं पुढं मोडनिंबला. दिंडी चिखल तुडवत मोडनिंबच्या मुक्कामाला पोचायची तेव्हा पोती आधीच उतरवून घेतलेली असायची. काळ्या रानातला आषाढातला चिखल ज्यानं तुडवलाय त्याला, पाठीवरचं एक पोतं कमी झालं म्हणजे काय ते कळेल.

आणि पोत्यांबरोबर माणसं यायची. ज्यांच्यानं चालवत नाही अशी. गुडघे गेलेली म्हातारी, दमेकरी, बाळंतपणातून नुकतीच उठलेली सून, घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असल्यानं दोनच दिवसांची सुट्टी मिळालेली बाई. दशमीला ही मंडळी आपल्या स्टेशनावर जमायची. स्टेशन म्हणजे काय, एक खोली, तिकिटाची खिडकी आणि लिंबाचं झाड. गाडी यायच्या आधी तासभर भजन चालायचं. यात्रेच्या गर्दीत डबे पुरायचे नाहीत, तेव्हा मालडब्यांत माणसं बसवत, असं आमचे जुने सांगत.

गाडी किती हळू चालायची त्याच्या गमती सगळ्यांना ठाऊक आहेत, त्यात वेळ घालवत नाही. पण त्या हळूपणाचा एक उपयोग होता. वाटेवरच्या गावांत आपल्या लेकी दिलेल्या. त्यांना वर्दी असायची. गाडी थांबली की ती पोर कडेवर लेकरू आणि हातात भाकरी-ठेच्याची शिदोरी घेऊन फलाटावर उभी. आईनं खिडकीतून हात बाहेर काढायचा, लेकराच्या तोंडावरून फिरवायचा, तोवर शिट्टी. आपण पंढरीला माहेर म्हणतो. त्या बायांना माहेर दोन मिनिटं रुळावरच भेटायचं.

आणखी एक. या गाडीच्या तिसऱ्या वर्गात जात विचारून जागा देत नसत. तिकीट काढलं की बसा. 1906 पासून सगळे एका फळीवर बसून पंढरपुरात उतरत होते, आणि उतरल्यावर काहींना महाद्वाराबाहेरच थांबावं लागत होतं. देवाचं दार सर्वांना उघडलं 1947 मध्ये, साने गुरुजी उपोषणाला बसले तेव्हा. गाडी देवळाच्या चाळीस वर्षं पुढं होती, एवढं आम्ही नोंदवून ठेवतो.

परतताना सगळी दिंडीच गाडीत. पौर्णिमेचा काला झाला की पेरण्या-कोळपण्या डोळ्यांपुढं यायच्या. त्या गर्दीतही वीणा खाली ठेवलेली नाही. एकाच्या मांडीवरून दुसऱ्याच्या मांडीवर, गावापर्यंत.

1954 मध्ये सरकारनं कंपनीकडून लाईन घेतली. पुढं एसटी गावोगाव गेली, स्टेशनावरची गर्दी पातळ झाली. मग रुंदीकरण आलं. पंढरपूरचा तुकडा आधी रुंद झाला आणि 2008 मध्ये आपल्याकडची छोटी गाडीही कायमची थांबली. रुंद लाईन झाली हे चांगलंच झालं, उगाच रडायचं कारण नाही. आजारी माणूस आज थेट पुण्या-मुंबईला जातो. पण नवी लाईन वळण सोडून थोडी बाजूनं गेली, आपलं स्टेशन तिच्यावर राहिलं नाही. रूळ उचलले, पत्रे गेले, खिडकीची चौकट गेली. लिंब आहे.

आता मुद्द्यावर येतो. या स्मरणिकेत शंभर वर्षांच्या वारकऱ्यांची यादी छापायची ठरली. यादी दिंडीच्या वहीवरून केली आहे, आणि वहीत पायी निघालेल्यांचीच नावं लिहायची रीत होती. म्हणून यादीत बाया फार कमी दिसतात. त्या नव्हत्या असं नाही, त्या गाडीनं येत होत्या. बैठकीत काही जण म्हणाले, वारी म्हणजे पायी. गाडीनं आला तो यात्रेकरू. त्यांचा मान राखून आमचं म्हणणं असं. 2020 आणि 2021 मध्ये रोगाच्या साथीत पायी सोहळा झाला नाही. माउलींच्या आणि तुकोबारायांच्या पादुका एसटीनं पंढरपूरला नेल्या. त्या दोन वर्षांची वारी चुकली, असं आपल्यातला कोणी म्हणेल का? मग तीस-तीस वर्षं दशमीला त्या लिंबाखाली वाट बघणाऱ्या आजीची कशी चुकली?

मंडळींनी हे मान्य केलं आहे. यादीनंतर चार पानं कोरी सोडली आहेत. वर फक्त ‘गाडीने आलेले’ एवढंच लिहिलं आहे. ज्याच्या घरातली आजी, पणजी, आत्या त्या गाडीनं येत होती त्यानं नाव, सासरचं गाव आणि आठवत असल्यास माहेरचं गाव उद्या काल्यानंतर विणेकरी बुवांकडं लिहून द्यावं. नुसतं ‘अमक्याची आई’ एवढंच ठाऊक असलं तरी चालेल, तसंच लिहू. स्टेशनाच्या खोलीभोवतीची बाभळ काढायला रविवारी सकाळी सात वाजता यायचं आहे. कुऱ्हाडी आणि घमेली ज्याची त्यानं आणावीत, चहा देवळातून येईल.

पुंडलिक वरदे हारि विठ्ठल.