खवलेलं खोबरं, जर्सी सिटीतलं



गणपतीपुळ्यात आमच्याकडे नारळ कधी विकत आणल्याचं आठवत नाही. जर्सी सिटीत मात्र मी तो फिलिपिनो दुकानातून आणते, खवून गोठवलेला. इथे ही वस्ती मोठी; एका रस्त्याचं नावच मनिला अव्हेन्यू. शेजारीणही तिकडचीच. कोवळा फणस ती नारळाच्या दुधात शिजवते, ‘गिनाताआंग लांग्का’. त्यात बागूंग, म्हणजे आंबवलेला जवळाच हो! त्यांचं चिंचेचं ‘सिनिगांग’ही छान, पण आमसुलाच्या साराची सर नाही.

आई गेली त्या वर्षी मोदक करायचे नाहीत, असं ठरवलं होतं. चतुर्थीला शेजारीण खोबऱ्याची पिशवी घेऊनच आली. “तू उकड काढ, मी बसते.” गोठवलेलं खोबरं पाणी सोडतं, सारण आळायला वेळ लागला. तेवढ्यात आईबद्दल बरंच बोलून झालं. अकरा मोदक झाले. तिच्या मोदकांना पाचच कळ्या, पण एकही फुटला नाही.