उपाशी म्हणजे काय?

(वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या व्यवस्थापकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



जमाखर्चाचे आकडे अहवालात छापले आहेतच. त्या आकड्यांत न दिसणाऱ्या एका खर्चाविषयी आज आम्ही बोलणार आहोत.

काही वर्षांपूर्वी गंगाखेड तालुक्यातील एक वयस्क भगिनी पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठी आल्या. सकाळी उपाशीपोटी यावे, असे आदल्या दिवशी बजावले होते. टेबलावर घेण्यापूर्वी विचारणा झाली, "आजी, उपाशी आहात ना?" त्या ठामपणे "हो" म्हणाल्या. पुन्हा विचारले, पुन्हा तेच उत्तर. तेथे केरळहून आलेल्या आमच्या एक सिस्टर उभ्या होत्या. त्यांचे मराठी मोडकेतोडके. त्यांनी एवढेच विचारले, "आजी, सकाळी काय खाल्लं?" उत्तर आले, "साबुदाण्याची खिचडी अन् चहा. दवाखान्याचा उपास म्हणून दुसरं काही शिवलं नाही."

त्या माउलींनी खोटे काहीच सांगितले नव्हते. आपल्याकडे उपास म्हणजे साबुदाणा, भगर, शेंगदाणे. भूल दिलेली असताना पोटातील अन्न उलटून फुप्फुसात गेले, तर जिवावर बेतते. म्हणून हलक्या आहारानंतर साधारण ६ तास, तुपाशेंगदाण्याच्या जड पदार्थांनंतर त्याहून अधिक आणि नुसत्या पाण्यानंतर २ तास जाऊ द्यावे लागतात. शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागली. शस्त्रक्रियागृह सकाळभर रिकामे राहिले आणि मुलाची मजुरी व जीपचे भाडे वाया गेले. मराठी बोलणारे आम्ही सारे 'उपाशी' या शब्दावर विसंबलो होतो. ज्यांना तो शब्द नवा होता, त्यांनीच खरा प्रश्न विचारला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी परभणी शहरातील एक मुस्लिम गृहस्थ हर्नियासाठी आले. त्यांना तीच सूचना कोणीतरी 'रोजासारखे राहायचे' अशी समजावली होती. रोजात पाण्याचा घोटही चालत नाही. त्यामुळे रक्तदाबाची जी गोळी घोटभर पाण्याबरोबर सकाळी घ्यायची होती, तीही त्यांनी घेतली नाही. रक्तदाब चढला आणि याही वेळी तारीख बदलावी लागली. एकाच पत्रकावरून एका रुग्णाने गरजेपेक्षा जास्त खाल्ले, दुसऱ्याने गरजेपेक्षा जास्त सोडले.

ते पत्रक आम्हीच लिहिले होते. त्यावर 'शस्त्रक्रियापूर्व निराहार' असे ठळक अक्षरांत छापले होते. वाणिज्य शाखेच्या पदवीधरास शुद्ध मराठीचा अभिमान अंमळ अधिकच असतो, असे स्नेही म्हणतात, ते खरे असावे. वास्तविक आपला जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. कारभार उर्दूत चाले. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात वैद्यकसुद्धा उर्दूतून शिकवले जाई. दवाखाना, इलाज, जखम, मलम, तब्येत हे फारसी-अरबी वळणाचे शब्द येथील प्रत्येक घरात नांदतात. सर्वांना कळतील असे शब्द हाताशी असताना आम्ही 'निराहार' छापत बसलो.

आता पत्रकावर चहा, दूध, साबुदाणा, भगर, फळ, पान, तंबाखू अशी नावेच लिहिली आहेत. पाणी किती वाजेपर्यंत चालेल आणि कोणती गोळी घ्यायची, हे हाताने लिहून दिले जाते. "समजले का?" असे आता कोणी विचारायचे नाही, कारण डॉक्टरांपुढे "नाही" म्हणणारा रुग्ण विरळा. त्याऐवजी "घरी गेल्यावर काय करणार, ते आम्हाला सांगा," असे म्हणायचे. मराठी, दखनी, गोरमाटी, ज्या बोलीत जमेल त्या बोलीत त्यांनी सांगावे.

गोरमाटीपाशी मात्र आमची अडचण होते. जिंतूर, गंगाखेडकडच्या तांड्यांवरून येणाऱ्या काही वृद्ध स्त्रियांना मराठी पुरेसे येत नाही. मग सोबतच्या नातवाकडून विचारून घेतात. नऊ-दहा वर्षांच्या मुलाने आजीला अंगावरून जाण्याविषयी विचारावे, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. आजी गप्प राहिल्या आणि केसपेपरवर 'तक्रार नाही' असे लिहिले गेले. १६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली प्रकरणात म्हटले की, पुरेशी माहिती मिळाल्यावर रुग्णाने स्वतः दिलेली संमतीच खरी संमती होय. त्या प्रकरणात रुग्ण भुलेखाली असताना आईने दिलेली संमतीही पुरेशी ठरली नाही. नातवाच्या तोंडून ऐकून उमटवलेला अंगठा कोणत्या सदरात मोडतो, याचा विचार विश्वस्तांनी करावा.

सध्या हे काम वॉर्डातील आमच्या एक बंजारा मावशी करतात. हातातील फडके बाजूला ठेवून त्या खाटेपाशी बसतात आणि राहिलेली फरशी पुसण्यासाठी सुटीनंतर थांबतात. त्यांच्या मानधनाचा प्रस्ताव एकदा आमच्यापुढे आला होता. काटकसरीच्या नावाखाली आम्हीच तो बाजूला ठेवला. येत्या वर्षाच्या अंदाजपत्रकात 'दुभाषी मानधन' असे स्वतंत्र शीर्ष आम्ही धरले आहे. रक्कम मोठी नाही. एक शस्त्रक्रिया ऐनवेळी रद्द झाली की काय वाया जाते, याचा तपशील त्यासोबत जोडला आहे. सभेने त्यास मंजुरी द्यावी, अशी विनंती करून आम्ही ताळेबंदाकडे वळतो.