जुलाबाचे तीन प्रकार

मुलाला जुलाब लागले की त्याचे पाणी तोडावे, असा समज अद्याप काही घरांत आढळतो. तो घातक आहे. जुलाबाचे प्रकार ओळखता आले, म्हणजे हे ध्यानात येते.

पहिला प्रकार पाण्यासारख्या जुलाबांचा. मुलांत तो बहुधा विषाणूंमुळे होतो. पटकीही याच जातीची. तिच्यात शौच तांदळाच्या धुवणासारखे होते. तिच्या जंतूंचे विष आतड्यांतून पाणी झरावयास लावते, हे शंभुनाथ डे यांनी कलकत्त्यास १९५९ साली दाखवून दिले. येथे प्राण जातो तो शरीर शुष्क झाल्याने. म्हणून १ लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून ते घोटघोट पाजीत राहावे. अंगावरचे दूध तोडू नये.

दुसरा आमांश. त्यात जंतू किंवा अमीबा आतड्यास व्रण पाडतात. मुरडा येऊन रक्त व आव पडते. तिसरा १४ दिवस वा अधिक रेंगाळणारा. त्यात अन्न अंगी लागत नाही व मूल खंगते. या दोहोंत डॉक्टरांचे उपचार हवेतच.

तेव्हा जुलाब किती झाले एवढेच मोजू नये; रक्त आहे काय, किती दिवस लोटले, लघवी होते काय, हेही पाहावे. डोळे खोल गेले वा मूल निपचित पडले, तर तत्काळ रुग्णालय गाठावे, आणि गिळता येत असेल तोवर वाटेतही पाणी थांबवू नये.